उसने हक्क: अमेरिकेची घटना उंबऱ्याशी थांबते तेव्हा

आमच्या गटाचं घटना-अभ्यासाचं शिबिर होतं. मूलभूत हक्कांवर बोलणं झालं, चहा झाला. मागे बसलेली एक घरकामगार मैत्रीण म्हणाली, "ताई, आपल्याकडे हे असंच चालायचं. पण तिकडे अमेरिकेत बायकांना सगळे हक्क पहिल्यापासूनच असतील, नाही का?" मी पटकन 'नाही' म्हटलं. पण का नाही, हे मला तिला नीट सांगता आलं नाही. वेळ संपली, एसटी गाठायची होती, सगळ्याजणी पांगल्या. तिचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर.

तिला तसं वाटलं यात तिची चूक नाही. अमेरिकेचं कौतुक आपल्याकडे जुनं आहे. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं होतं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अशी दोन-अडीच वर्षं तिथे राहिल्या आणि परतल्यावर १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक लिहिलं. तिथला राज्यकारभार, तिथल्या स्त्रियांच्या संस्था आणि शिक्षण यांबद्दल एका मराठी बाईने मराठीत, आपल्या लोकांसाठी लिहिलेलं हे पुस्तक. म्हणजे अमेरिकेची घटना आपण बायकांनी समजून घेणं ही काही आजची टूम नाही. रमाबाईंनी वाट पाडून ठेवलेली आहे.

तर मूळ प्रश्न. जगातली सर्वांत जुनी, अजून चालू असलेली लिखित राज्यघटना ज्या देशाची, त्या देशात बाईचे हक्क पुन्हा पुन्हा का निसटतात? माझं म्हणणं असं, की त्या घटनेची बांधणीच अशी झाली की ती घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबते. उंबऱ्याच्या आत काय चालतं ते घटनेत लिहिलंच गेलं नाही. आणि जे लिहिलं नाही ते बाईला मिळालं तरी उसनं मिळालं. उसनं दिलेलं कोणी कधीही परत मागू शकतो.

मोजायला होत्या, मत द्यायला नव्हत्या

१७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी दारं बंद करून बसले. सगळे पुरुष, सगळे गोरे, बहुतेक मालमत्तावाले. त्यांची भांडणं होती ती मोठी राज्यं आणि लहान राज्यं यांची, केंद्र आणि राज्यं यांची, गुलाम ठेवणारी राज्यं आणि बाकीची यांची. इंग्लंडच्या राजाचा जाच त्यांनी सोसला होता, म्हणून सत्ता एका हाती राहू नये याची त्यांनी फार काळजी घेतली. कायदे करणारी काँग्रेस वेगळी, कारभार पाहणारा राष्ट्राध्यक्ष वेगळा, न्यायालय वेगळं. काँग्रेसचीही दोन सभागृहं. केंद्राला ठरावीक अधिकार मोजून दिले: कर, सैन्य, चलन, परराज्यांशी आणि राज्याराज्यांतला व्यापार. जे केंद्राला दिलं नाही ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहील, असं १७९१च्या दहाव्या दुरुस्तीने स्पष्टही केलं.

आता राज्यांकडे काय राहिलं ते पाहा. लग्न, काडीमोड, मुलांचा ताबा, वारसा, नवऱ्याची मारहाण. म्हणजे आपल्या आयुष्यातलं जवळजवळ सगळं. आणि राज्यांत चालत होता इंग्लंडहून आलेला जुना कायदा. त्यात लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. तिची मजुरी त्याची, तिचं सामानसुमान त्याचं, तिने एकटीने करार करायचा नाही, एकटीने दावा लावायचा नाही. १८४८ साली न्यूयॉर्क राज्याने विवाहितेला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा हक्क दिला. पण तिच्या घामाची मजुरी तिच्या हाती यायला त्याच राज्यात १८६० साल उजाडलं.

राजाची सत्ता वाटून टाकणाऱ्यांना घरातल्या राजाची सत्ता दिसली नाही असं नाही. ती त्यांना दाखवून दिली गेली होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सला त्याच्या बायकोने, ॲबिगेलने, १७७६च्या मार्चमध्येच पत्र लिहून कळवलं होतं, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. त्याने ते हसण्यावारी नेलं. तसं उत्तरात लिहिलंही.

घटनेत 'गुलाम' हा शब्द नव्हता, पण पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब होता. 'स्त्री' हा शब्दही नव्हता. प्रत्येक राज्याला प्रतिनिधी किती, हे ठरवताना गोऱ्या स्त्रिया पूर्ण माणूस म्हणून मोजल्या जात. मोजायला होत्या, मत द्यायला नव्हत्या.

दिलं आणि काढून घेतलं

मताचा हक्क कोणाला, हेसुद्धा घटनेने राज्यांवर सोडलं. त्याचा परिणाम ऐका. न्यू जर्सी राज्याच्या १७७६च्या घटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' मत होतं. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता नसायची, पण अविवाहित बायका आणि विधवा तिथे खरोखर मत देत होत्या. १८०७ साली राज्याने कायदा केला, मत फक्त गोऱ्या पुरुषांना. संपलं. एका कायद्याने दिलेलं दुसऱ्या कायद्याने गेलं.

युटा प्रांतात बायकांना १८७० साली मत मिळालं. १८८७ साली काँग्रेसने तिथल्या बहुपत्नीत्वाविरुद्ध कायदा केला आणि त्याच कायद्याने युटाच्या सगळ्या बायकांचं मत काढून घेतलं. अनेक बायका करायच्या पुरुषांनी आणि मत जायचं बायकांचं! आपल्या रमाबाई तेव्हा त्याच देशात होत्या. पण युटाच्या बायका यातून शिकल्या. १८९६ साली युटा राज्य झालं तेव्हा त्यांनी आपला मताचा हक्क राज्याच्या घटनेतच लिहून घेतला.

मधल्या काळात यादवी युद्ध होऊन गुलामी संपली. १८६८ची चौदावी दुरुस्ती आली. कायद्याचं समान संरक्षण सर्वांना, असं तिने म्हटलं. पण त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात, मतदारांचा हिशेब सांगताना, 'पुरुष' हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा आला. एकदा नाही, तीनदा. १८७०च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश, वर्ण, पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारायला बंदी केली. लिंग हे कारण त्यात नव्हतं. यावरून स्त्रियांच्या चळवळीत उभी फूट पडली. एलिझाबेथ कॅडी स्टॅन्टनने त्या वेळी काळ्या पुरुषांविषयी जी भाषा वापरली ती आज वाचताना आपली मान खाली जाते. चळवळीच्या इतिहासातलं हेही पान आपण वाचायला हवं. दोन दबलेल्यांना एकाच ताटावर बसवून भांडायला लावायचं, ही सत्तेची रीत आपल्याला नवी नाही.

सुझन अँथनीने १८७२ साली सरळ जाऊन मत दिलं. तिला अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला. तो तिने कधीच भरला नाही. मिसुरीच्या व्हर्जिनिया मायनरला नाव नोंदवू दिलं नाही म्हणून ती न्यायालयात गेली. त्या राज्यात विवाहितेला एकटीने दावा लावता येत नव्हता, म्हणून नवऱ्याला बरोबर घ्यावं लागलं. १८७५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की स्त्री नागरिक आहे, पण नागरिक असणं म्हणजे मताचा हक्क असणं नव्हे.

शेवटी एकोणिसावी दुरुस्ती करावी लागली. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, मग तीन चतुर्थांश राज्यांची संमती, म्हणजे तेव्हा ४८ पैकी ३६. छत्तिसावं राज्य टेनेसी. ऑगस्ट १९२० मध्ये तिथल्या सभागृहात मतं बरोबरीत अडली होती. चोवीस वर्षांच्या हॅरी बर्न नावाच्या सदस्याने ऐनवेळी बाजू बदलली. त्याच्या खिशात आईचं पत्र होतं, बायकांच्या बाजूने मत दे म्हणणारं. गोष्ट गोड आहे. पण विचार करा, घटना लिहिल्यापासून १३३ वर्षांनी देशातल्या निम्म्या माणसांचा हक्क एका मुलाच्या खिशातल्या चिठ्ठीवर येऊन ठेपला होता.

चादरी बदलणारी एल्सी

आता पैशाकडे येऊ. कारण हक्काचं बोलताना मजुरीचं बोललं नाही तर आपल्या घरकामगार मैत्रिणीला त्याचा काय उपयोग?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालय असं मानत होतं, की मालक आणि मजूर यांच्यातला करार हा दोघांच्या स्वातंत्र्याचा मामला आहे आणि सरकारने त्यात फारसं पडू नये. राजधानी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांसाठी किमान वेतनाचा कायदा होता. १९२३ साली न्यायालयाने तो रद्द केला. कारण काय दिलं? इतर कारणांबरोबर हेही, की आता बायकांना मत मिळालं आहे, त्या पुरुषांच्या जवळजवळ बरोबरीच्या झाल्या आहेत, मग त्यांना खास संरक्षण कशाला? समतेचं नाव घेऊन पोटावर पाय देण्याची ही युक्ती ओळखीची वाटते ना?

ती उलटवली एका हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बाईने. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची गावची एल्सी पॅरिश. (हे राज्य पश्चिम किनाऱ्यावरचं, राजधानी वेगळी.) राज्याच्या १९१३च्या कायद्याखाली ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते, तिला कमी मिळत होते. काम सुटल्यावर तिने थकलेले २१६ डॉलर १९ सेंट मागितले. मार्च १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. मजुराची गरज आणि मालकाची ताकद सारखी नसते, तेव्हा किमान वेतन ठरवायचा सरकारला अधिकार आहे, हे मान्य झालं. अमेरिकेतल्या पुढच्या सगळ्या कामगार कायद्यांचा रस्ता या निकालाने मोकळा केला.

आणि पुढच्याच वर्षी, १९३८ साली, सगळ्या देशासाठी किमान वेतनाचा कायदा झाला तेव्हा त्यातून कोण वगळलं गेलं? शेतमजूर आणि घरकामगार. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातूनही हेच दोन वर्ग वगळले होते. दक्षिणेत ही कामं करणाऱ्यांत काळ्या बायकांची संख्या मोठी होती आणि दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांचं काँग्रेसमध्ये वजन मोठं होतं. हॉटेलातली चादर बदलली तर ते काम, घरातली बदलली तर ते काम नव्हे! घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात यायला १९७४ साल लागलं.

हा उंबरा पुढेही आडवा येत राहिला. काँग्रेसने १९९४ साली स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध कायदा केला. लिंगभेदातून झालेल्या हिंसेबद्दल बाईला थेट केंद्राच्या न्यायालयात भरपाई मागता येईल, असं एक कलम त्यात होतं. काँग्रेसने त्याला आधार दिला तो मुख्यतः राज्याराज्यांतल्या व्यापारावरच्या अधिकाराचा. मारहाणीने बायकांची नोकरी बुडते, प्रवास थांबतो, दवाखान्याचा खर्च वाढतो, याचे पुरावे गोळा केले होते. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कलम रद्द केलं. ही हिंसा म्हणजे आर्थिक व्यवहार नव्हे, तो राज्यांचा विषय, असं ठरलं. धान्याचं पोतं राज्याची सीमा ओलांडतं तेव्हा केंद्राला दिसतं. बाईच्या अंगावरचा वळ दिसत नाही.

बाळंतपणाचंही तसंच. १९७१ साली काँग्रेसने देशभर पाळणाघरांची व्यवस्था करणारं विधेयक मंजूर केलं, राष्ट्राध्यक्ष निक्सनने ते नाकारलं. १९९३ साली रजेचा कायदा झाला: बारा आठवडे, तेही बिनपगारी, आणि किमान पन्नास नोकर असलेल्या मालकाकडेच. काही राज्यांनी नंतर आपापल्या पैशाने पगारी रजा सुरू केली, पण जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात सगळ्या कामकरी बायकांना पगारी बाळंतरजा देणारा राष्ट्रीय कायदा झालेला नाही.

लिहायचं राहिलं ते

हे सगळं एका वाक्याने बदलावं म्हणून ॲलिस पॉल आणि तिच्या सहकाऱ्यांनी समान हक्कांची दुरुस्ती १९२३ साली काँग्रेससमोर आणली. कामगार चळवळीतल्या अनेक बायकांनीच तिला विरोध केला, कारण कामाचे तास आणि वेतन यांबाबत बायकांसाठी असलेले कायदे त्यामुळे जातील ही त्यांची भीती होती. ती खोटी नव्हती, हे आपण आत्ताच पाहिलं. १९७२ साली काँग्रेसने दुरुस्ती मंजूर केली. आता पन्नास राज्यांपैकी ३८ हवी होती. वाढवून दिलेली मुदत १९८२च्या जूनमध्ये संपली तेव्हा ३५ झाली होती. २०१७ ते २०२० मध्ये आणखी तीन राज्यांनी संमती दिली, पण मुदत टळलेली आणि आधीच्या पाच राज्यांनी संमती मागे घेतलेली, म्हणून ती घटनेत छापली गेली नाही.

या काळात हक्क मिळालेच नाहीत असं नाही. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा, समान संरक्षणाचा आधार घेऊन, बाईला डावलणारा कायदा रद्द केला. १९७३ साली गर्भपाताचा हक्क मान्य केला. पण हे सगळं न्यायाधीशांनी घटनेच्या शब्दांतून काढलेल्या अर्थावर उभं होतं. न्यायाधीश नऊ, तहहयात नेमलेले. ते बदलले तसा अर्थ बदलला. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क न्यायालयाने काढून घेतला आणि विषय राज्यांकडे परत पाठवला. युक्तिवाद असा, की हा हक्क देशाच्या इतिहासात रुजलेला नाही. पुरावा म्हणून १८६८ सालचे राज्यांचे कायदे पाहिले गेले. मैत्रिणींनो, १८६८ साली त्या विधिमंडळांत एकही बाई नव्हती आणि त्यांना निवडून देणाऱ्यांतही नव्हती. ज्यांना लिहूच दिलं नाही, त्यांचं नाव वहीत नाही म्हणून हक्क नाकारायचा!

पण अमेरिकेतल्या बायका रडत बसल्या नाहीत. विषय राज्यांकडे आला तर राज्यांत लढू, असं त्यांनी ठरवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससच्या मतदारांनी गर्भपाताचं संरक्षण काढणारी दुरुस्ती ५९ टक्क्यांच्या आसपास मतांनी फेटाळली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मिशिगनने आणि २०२३ मध्ये ओहायोने हा हक्क आपापल्या राज्याच्या घटनेत लिहिला. जुन्या युटातल्या बायकांचाच हा धडा.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, कागदावर लिहून काय होतं? बरोबर आहे. मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर या काळ्या शेतमजूर बाईला १९२० सालापासून घटनेने मत दिलेलंच होतं. १९६२ साली ती नाव नोंदवायला गेली तर मालकाने तिला मळ्यावरून हाकललं. पुढच्या वर्षी कोठडीत तिला अमानुष मारलं. १९६५चा मतदान हक्क कायदा झाला तो हेमरसारख्या हजारोंच्या लढ्याने. लिहिलेलं अमलात आणायला संघटना लागते, हे खरंच. पण लिहिलेलं असलं की भांडायला पायाखाली जमीन असते. लिहिलेलं नसलं की आधी जमिनीसाठीच भांडावं लागतं.

आपली घटना लिहिली गेली तेव्हा घटना समितीत स्त्रिया होत्या. घटना लागू होताच सर्व प्रौढ स्त्रियांचा मताचा हक्क तिच्यात लिहिलेला होता. कलम १५ मध्ये लिंगभेदाला बंदी आहे आणि स्त्रियांसाठी खास तरतूद करायची मुभाही आहे. ही आपली मोठी कमाई. तरी उंबरा आपल्याकडेही आहेच. समान कामाला समान वेतन हे आपण मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलं, थेट न्यायालयात मागता येईल अशा हक्कांत नाही. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल लागलं. बायकोवर बलात्कार करणाऱ्या नवऱ्याला असलेली जुनी सूट २०२३च्या भारतीय न्याय संहितेत तशीच ठेवली गेली. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी ही पूर्ण सूट १९९३ पर्यंत काढली होती, हेही त्यांच्याकडून घेण्यासारखं.

म्हणून पुढच्या शिबिरात मी त्या मैत्रिणीला एवढंच सांगणार आहे: नाही गं, तिकडेही पहिल्यापासून काही नव्हतं. जे मिळालं ते त्यांनी भांडून मिळवलं आणि जे लिहून घेतलं नाही ते पुन्हा गेलं. आता आपण आपल्या घटनेचं, आपल्या कायद्यांचं पुस्तक उघडू आणि प्रत्येक हक्कापुढे तीन प्रश्न विचारू. हा लिहिलेला आहे की कोणाच्या मर्जीवर आहे? तो उंबऱ्याच्या आत येतो की बाहेरच थांबतो? आणि तुझ्या कामाचा हिशेब त्यात आहे का?

गटागटांतून या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती एकत्र मांडू.